शेवटचं प्रकरण कोरं

जुनी पुस्तकं विकायची तर खरं बोलावं लागतं. बाकीचे लोक सरसकट 'उत्तम स्थिती' असं ठोकून देतात. मी पुस्तक हातात घेते आणि आधीचा वाचक कुठवर पोचला होता ते सांगते. वाचलेली पानं सैल पडतात, कडेला बोटांनी मळतात. न वाचलेली एकमेकांना धरून बसतात. 'मधेच कंटाळले', 'दोनदा वाचलंय', असं मी माझ्या ऑनलाइन दुकानात फोटोखाली लिहिते आणि गिऱ्हाइकं त्यावरच भाळतात. आमचे हे म्हणायचे, "तू पुस्तकं कुठं विकतेस, लोकांच्या चहाड्या विकतेस."

हे छातीच्या दुखण्यातून उठत होते. डॉक्टर सुधारणा आहे म्हणायचे. मागच्या खोलीत खोक्यांना लागून त्यांची खाट होती. विक्रीला आलेली एक जाडजूड कादंबरी त्यांनी ढापली होती. माझी वाचून होईपर्यंत विकायची नाही, असा हुकूमच होता.

एका सकाळी फोनवर दुकान उघडलं तर तीच कादंबरी विक्रीला लागलेली. फोटो आमच्याच खाटेवरचा, पण गादी गुंडाळून ठेवलेली. खाली अगदी माझ्याच पद्धतीनं लिहिलं होतं: 'प्रेमानं वाचलेलं. शेवटचं प्रकरण कोरं.'

मागं धावले. हे उशीला टेकून वाचत होते, गादी अंगाखाली, अजून बरीच पानं बाकी.

लेकीला फोन केला. दुकान तिनंच लावून दिलेलं.

"आई, तूच टाकलं असशील. दमलीयेस तू."

"गादी काय मी स्वप्नात गुंडाळली?"

फोन ठेवला. मी ती नोंद पुसून टाकली. दुपारी बघते तर पुन्हा तिथंच. पुन्हा पुसली, पुन्हा आली. शेवटी नाद सोडला.

मग पुस्तकच लपवलं. तर यांनी लहान पोरासारखं जेवण नाकारलं. झक मारत परत दिलं. त्यानंतर मी रोज चोरून बघायची, खूण कुठवर सरकलीय ते. आणि भांडी घासताना एकदम डोक्यात आलं: शेवटचं प्रकरण यांनी वाचलं, तर ती नोंद खोटी ठरेल. खोटी ठरली की हे वाचले. मला तेवढाच मार्ग दिसत होता.

पुढच्याच आठवड्यात एका दुपारी त्यांनी पुस्तक मिटून पोटावर ठेवलं. एकच प्रकरण राहिलं होतं.

"आता हे झोप झाल्यावर. शेवटाला ताजं डोकं हवं."

"नाही, आत्ताच वाचा."

"अगं, ते पळून चाललंय का कुठं?"

"मग मी वाचून दाखवते."

"खबरदार. दुसऱ्याच्या तोंडून शेवट ऐकणं म्हणजे उष्टं खाणं."

खरं सांगायची हिंमत झाली नाही. धसक्यानंच गेले असते. मी पुस्तक ओढून घेतलं आणि खाटेच्या कडेला बसून सुरुवात केली. यांनी माझ्याकडं बघितलं, शांतपणे कानातलं मशीन काढलं आणि माझ्या ओच्यात टाकलं. "वाच आता हवं तेवढं. मी उठल्यावर माझं मी वाचीन." स्वतःवरच खूश होऊन हसले, माझं मनगट धरलं आणि डोळे मिटले.

हट्टाला मीही काही कमी नाही. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं वाचत राहिले. चार शब्द तरी आत शिरतील, तेवढ्यानंही भागेल, असं वाटत होतं. गोष्टीत कोण आलं, कोण गेलं, मला काही कळत नव्हतं. मी नुसती पानं मागं टाकत होते. घसा बसला तरी थांबले नाही.

मधे एकदा यांनी डोळे उघडले. माझ्याकडं बघून हळू आवाजात काहीतरी म्हणाले. मी हातानंच गप्प बसा म्हणाले, कारण दोनच पानं उरली होती.

शेवटची ओळ वाचली, पुस्तक मिटलं, मशीन त्यांच्या कानात बसवलं आणि विचारलं, "हं, काय म्हणत होता मघाशी?"

माझ्या मनगटावरचा त्यांचा हात चादरीवर घसरला होता. मी पुन्हा विचारलं, मग आणखी मोठ्यानं विचारलं. ते काय म्हणाले होते, मला अजून माहीत नाही.