कटरवाल्याच्या आईचा डबा

"एका घासानं काय होतंय, पैलवान? अन्नाला नाही म्हणू नये," म्हणत शिलाईवाल्या बाईंनी डबा पुढे सरकवला.

पुस्तकबांधणीच्या कारखान्यात पैलवान दीड महिन्यानं आला होता. त्यानं जन्मात आखाडा पाहिला नव्हता. एकशे चाळीस किलोच्या देहामुळे हे नाव पडलं होतं. गुडघे बोलायला लागले, साखर वाढली, तेव्हा ऑपरेशन करून त्यानं पोट लहान करून घेतलं. आता चार चमचे मऊ भात, की संपलं. पण सगळ्यांना वाटत होतं, बिचारा डॉक्टरच्या धाकानं उपाशी राहतोय. पाच डबे पुढे आले आणि त्यानं पाचही हसून परत केले.

सहावा डबा कटरवाल्याचा. कागद कापायचं मशीन चालवणारा हा त्याचा जुना मित्र. त्यानं आग्रह केला नाही, नुसता डबा ठेवला आणि खाली बघत बसला.

खरी पंचाईत इथेच होती. कटरवाल्याचे वडील याच मशीनवर होते आणि तिघांचं एकटे जेवायचे. ते गेले, पण आईचा हात काही आखडला नाही. मुलगा चिमणीसारखा खाणारा. एकदा डबा अर्धा परत गेला तर ती माउली दोन दिवस नीट जेवली नाही. तेव्हापासून एकोणीस वर्षं तो डबा पैलवान संपवत होता आणि ती शेजारीपाजारी सांगायची, "लेक अगदी बापावर गेलाय."

"मी नव्हतो तेव्हा काय केलंस?" पैलवाननं विचारलं.

"खाल्लं. पोट धरून बसायचो. आईनं केलेलं टाकवत नाही रे."

भीड ही भिकेची बहीण. पैलवाननं चमचा उचलला. पाचव्या घासाला छातीत कळ आली, सहाव्याला घाम फुटला आणि तो नळाकडे धावला. सगळं उलटून पडलं. कटरवाला त्याची पाठ चोळत होता आणि लहान पोरासारखा रडत होता.

संध्याकाळी तो उरलेला डबा घेऊन पैलवान स्वतःच मित्राबरोबर त्याच्या घरी गेला.

"अगं बाई, तू होय? निम्मासुद्धा राहिला नाहीस," आई म्हणाली.

पैलवाननं डबा तिच्या हातात दिला. "आई, इतकी वर्षं हा मीच खात होतो. याला कधीच एवढं जात नव्हतं. आता मलाही जात नाही."

कटरवाला दारातच उभा राहिला. आईनं झाकण उघडलं, भाताकडे पाहिलं आणि खाली बसली. आपण उगाच आलो, असं पैलवानला वाटायला लागलं.

"म्हणजे ह्यांच्यासारखं जेवणारं घरात कुणी नव्हतंच," ती म्हणाली. मग जरा थांबून, "तुला आवडायचं का रे?"

"ऑपरेशनच्या आधीचं शेवटचं पोटभर जेवण तुमच्याच डब्यातलं होतं, आई. मुद्दाम."

तिनं डोळे पुसले आणि लेकाकडे वळली. "तुला किती लागतं?"

"निम्मं," तो हळूच म्हणाला.

पैलवान निघाला तशी ती दारापर्यंत आली. या दारातून तिनं कुणाला न जेवता जाऊ दिलं नव्हतं. नेहमीचे शब्द ओठांवर आले, ते तिनं गिळले. त्याच्या ढगळ झालेल्या शर्टाची कॉलर तिनं नीट केली.

"सावकाश जा हं," ती म्हणाली.