गार म्हणजे दगडच

पोच्यात अंगठा बरोबर बसत होता — बॉनेटवरचा हा सगळ्यात मोठा पोचा, मधोमध, उन्हाने तापायला लागलेला — आणि त्याच्या शेजारी एक बोराएवढा, मग खाली उतरत गेलेली अख्खी रांगच, जणू आभाळात कुणी शिस्तीचा मास्तर बसून एकेक गार नेम धरून सोडत होता... सुनेत्राने अंगठा काढला, परत घातला. खरं म्हणजे ती शाळेला निघाली होती. दप्तर खांद्याला होतं, वेण्या वर बांधलेल्या, रिबिनी कडक. पण फाटकाशी तिचे वडील, अप्पा, बन्सीकाकांशी बोलत उभे होते आणि त्या बोलण्यातला एक शब्द उडून येऊन तिच्या कानात कुसळासारखा रुतला होता.

दगडफेक.

कुठं झाली दगडफेक? कधी? कुणाच्या गाडीवर? ते दोघं याच गाडीबद्दल बोलताहेत हे तिच्या लक्षात यायला जरा वेळच लागला. अप्पांची ही पांढरी फियाट, जिच्या पुढच्या सीटवर ती स्वतः, सुनेत्रा माणिकराव, इयत्ता नववी, मांडीवर बक्षिसाची ढाल घेऊन बसलेली होती, तेव्हा गारा पडल्या. गारा. लिंबाएवढ्या, फाल्गुनातल्या. — मी होते ना तिथं, का नव्हते?

अप्पांनी तिला हाक मारली. माणिकराव वकिलांचा शब्द जिंतूरच्या कोर्टात चालतो असं लोक म्हणत, घरात तर तो पहिल्यापासून चालतच होता. आज शाळा राहू दे, ते म्हणाले, नांदेडहून विम्याचे साहेब यायलेत दुपारी, तू गाडीत होतीस, तुझं सांगणं लागंल. हे त्यांनी इतक्या कौतुकाने सांगितलं की तिची मान आपोआप ताठ झाली. तिचं सांगणं लागतं! गेल्या वर्षीपर्यंत पाहुण्यांसमोर नाव विचारलं तरी पदराआड जाणारी ही पोरगी — आणि परवा परभणीच्या वक्तृत्व स्पर्धेत माईक स्वतःच्या हाताने खाली ओढून घेतला होता तिने, उंची कमी पडत होती म्हणून, आणि सभागृह हसलं तेव्हा तीही हसली होती, घाबरली नव्हती. पहिला नंबर. विषय होता 'जातिभेद आणि आजची तरुण पिढी'. त्यातले शेवटचे दोन परिच्छेद अप्पांनीच लिहून दिले होते आणि पहिल्या रांगेत बसून सगळ्यात आधी टाळ्याही त्यांनीच वाजवल्या होत्या.

ओसरीवर चहा झाला. बन्सीकाका, म्हणजे बन्सीधर, विम्याचे एजंट. त्यांना कुणी एजंट म्हटलं की ते 'सल्लागार' अशी दुरुस्ती करत. त्यांनी बशीतला चहा फुंकत फुंकत जे सांगितलं ते ऐकताना सुनेत्राला आधी हसूच येत होतं. तर गोष्ट अशी की मागच्या साली जो तो म्हणत होता, विद्यापीठाचं नामांतर होणार, मराठवाडा पेटणार, गाड्या जळणार. म्हणून अप्पांनी दंगलीसाठीचा जादा हप्ता भरला. वादळवाऱ्याचा, गारपिटीचा जादा हप्ताही भरता येत होता, तो भरला नाही. आपल्याकडं कुठं पडतात एवढ्या गारा. मग जानेवारीत नामांतर झालं, गाडी लिंबाखाली उभी होती तशीच राहिली, तिला कुणी बोट लावलं नाही. आणि पडलं ते आभाळ.

अप्पांनी माणसांची भीती धरली होती, आभाळाची नाही. हे वाक्य तिच्या मनात आलं आणि तिला ते फार आवडलं, भाषणात घालण्यासारखं... पण बन्सीकाका आता तिच्याकडेच बघत होते आणि त्यांच्या हातात तिने काल रात्री बसून लिहिलेला अर्ज होता. 'आमच्या वाहनावर गारांचा भीषण मारा झाला.' भीषण हा शब्द तिचा, मारा हाही तिचा. कच्च्या मसुद्यात आधी तिने 'गारा पडल्या' एवढंच लिहिलं होतं, मग ते फारच मिळमिळीत वाटलं म्हणून खोडलं होतं.

"पोरीनं काम लय सोपं केलं वकीलसाहेब," बन्सीकाका म्हणाले. "गार म्हंजे दगडच की. गारगोटी काय असती मग? गोटीच्या नुसत्या दोन अक्षरांचा फरक. आन् मारा झाला म्हणल्यावर मारणारं कुणीतरी आलंच. ते अज्ञात. खोटं एक अक्षर न्हाई."

अप्पा हसले. कोर्टात समोरचा वकील अडखळला की हसत तसं, अर्ध्या ओठाने.

— माझा मारा! सुनेत्राच्या कानशिलात काहीतरी तापत चढलं. माझं वाक्य, मी इतकं सजवलेलं, तुम्ही त्याच्या पोटात दगड भरता? गार म्हणजे दगड असेल मोलसवर्थच्या शब्दकोशात नाही तर तुमच्या पानपट्टीवर, पण त्या दिवशी हातात धरली तर ती पाणी होऊन मनगटावरून कोपरापर्यंत गेली होती, दगड जातो का असा कोपरापर्यंत? तिने तोंड उघडलं. पण काका पुढचं बोलत होते, आवाज न वाढवता, बशी ठेवत. जागा लिहावी लागेल. बोरीच्या पुढच्या फाट्यावरची वस्ती लिहू. "तिथं निळा झेंडा हाय न्हवं? मंग साहेबाला जास्त विचारावं लागत न्हाई."

वस्ती.

त्या दिवशी आधी धूळ आली, मग अंधार, आणि मग पत्र्यावर कुणी खलबत्ते ओतावेत असा आवाज. अप्पांनी गाडी रस्त्याच्या कडेला घातली, समोरचं काही दिसत नव्हतं, आणि तेवढ्यात एक बाई डोक्यावर वाकळ धरून पळत आली. ती वाकळ तिने स्वतःच्या डोक्यावरून काढली आणि काचेवर टाकली. डोकं तसंच उघडं. मग दार ओढून म्हणाली, "ये माय, आत ये, पोरीची जात, डोकं फुटंल." घराला पत्रे, पत्र्यावर गारा, आत दोन लेकरं आणि एक शेळी. बायनाबाई नाव, कुणी न विचारता सांगितलं तिने, माझं नाव बायनाबाई, असं, जसं काही सुनेत्राच पाहुणी म्हणून ओळख करून घ्यायला आली होती. ढाल कशाची म्हणून विचारलं. भाषणाची म्हटल्यावर, मग करून दाखव की. आणि सुनेत्राने केलं! अख्खं भाषण, हातवारे करून, पत्र्याच्या त्या कल्लोळात, आणि बायनाबाई शेळीला मांडीशी धरून शेवटपर्यंत मान डोलावत राहिली. मग म्हणाली, आवाज चांगला हाय तुझा, ऐकू काय आलं न्हाई. त्यावर दोघीही इतक्या हसल्या...

अप्पा दारातच उभे होते. अर्धं अंग आत, अर्धं बाहेर, एक खांदा भिजत. बायनाबाईने तांब्या पुढे केला तेव्हा म्हणाले, आत्ताच घेतलं. कुठं घेतलं? परभणी सोडल्यापासून गाडी थांबलीच नव्हती.

सुनेत्रा प्यायली होती. थंड होतं पाणी, माठातलं.

दुपारच्या आत उद्धव मिस्त्री येऊन गाडीभोवती एक फेरी मारून गेला. पत्रा ठोकण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात नाही असं तो स्वतःच सांगायचा. टपावर तळवा फिरवून त्याने निदान केलं, वकीलसाब, गाडीला देवी आल्यात. मग टप आतून उघडावा लागेल, अस्तर काढून खालून ठोकावा लागेल, वर खड्ड्यांत लांबीचा लेप भरून घासून रंग मारावा लागेल, आणि एवढं करून पुन्हा वण दिसले तर माझ्या नावाने बोंबलू नका, असं सगळं एका दमात. सुनेत्राने त्याला गाठून विचारलं, मिस्त्री, तुमीच सांगा, हे दगडाचे पोचे हायत का गारांचे. तो विडी कानावर ठेवत म्हणाला, ताई, गारा म्हणा नाहीतर दगड म्हणा, माझी हातोडी तीच.

सगळ्यांची हातोडी तीच. ती तरातरा स्वयंपाकघरात गेली. आई भाकरी थापत होती. सुनेत्राने सगळं सांगितलं, मध्ये श्वास न घेता, आणि आईने भाकरी तव्यावर टाकून पाणी लावता लावता एवढंच म्हटलं, की कुणाचं नाव थोडंच घ्यायलेत, अज्ञात म्हणायलेत की. आणि तुझे अप्पा कुणाचं वाईट चिंततील का? भाकरी फुगली. आईला वाटत होतं हे उत्तर झालं. — मग मी काय वेडी हाय का, ह्या घरात गारा मला एकटीलाच लागल्या का? अंगणात येऊन ती आंब्याखालून विहिरीपर्यंत, विहिरीपासून आंब्यापर्यंत फेऱ्या मारत राहिली आणि फेरीबरोबर एक भाषण रचत गेली, फार जोरदार भाषण, 'वकीलसाहेब, ज्या हातांनी वाकळ पांघरवली त्या हातांत तुम्ही दगड देता', इथे थांबायचं, उजवा हात वर, 'आणि पंचनाम्याला पोलिसांची जीप जाईल तेव्हा ती कुणाच्या दारात उभी राहील', इथे आवाज खाली, एकदम खाली... तिच्या अंगावर स्वतःच्याच शब्दांनी काटा आला. आणि त्या काट्यात, लाज वाटावी इतकी, मजाही होती.

अप्पा आतल्या खोलीत आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. भाषण तिथे उंबऱ्यातच सांडलं. ती नुसती म्हणाली,

"अप्पा, तिनं वाकळ टाकली म्हणून काच वाचली."

"मी कुठं न्हाई म्हणलो?"

"मग तिथं पोलीस जातील ना."

"कुणी जात न्हाई सुनू. कागद असतो तो. कागदाला पाय नसतात."

"जानेवारीत लोक तुमच्याकडं आले होते. पोलिसांनी पोराला उचललं म्हणून. पोलिसांकडं बी नुसता कागदच होता."

त्यांनी डोळे उघडले. रागावतील असं तिला वाटलं, रागावले असते तर बरं झालं असतं. रागाशी कसं बोलायचं ते तिला आता येत होतं. पण त्यांनी तिच्याकडे पाहिलं ते थकून, जरा गोंधळून, लहानपणी तिला ताप आला की कपाळावर हात ठेवायच्या आधी बघत तसं. म्हणाले, गाडी न्हाई तर परभणीचं कोर्ट न्हाई, कोर्ट न्हाई तर पुढं तुझं औरंगाबादचं शिक्षण कुठून. हे सगळं कुणासाठी चाललंय? आणि मग, अगदी हळू, "तू फक्त 'मारा झाला' एवढंच म्हण. बाकीचं मी बोलतो. तुझंच वाक्य हाय."

तिच्यासाठी. म्हणजे हेही तिच्याच गळ्यात. त्या दारात एक खांदा भिजवत उभा राहिलेला माणूस, आत्ताच घेतलं म्हणणारा, आणि सभागृहात सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवणारा माणूस — दोघांना एकच शर्ट, एकच चष्मा; आणि सुनेत्राला वाटलं, अज्ञात अज्ञात म्हणतात तो हाच की. पंधरा वर्षं एका घरात राहून.

साहेब उन्हं कलल्यावर आले. घामाघूम, खिशाला दोन पेनं, अंगाने बारीक, आवाजाने मऊ. ते काही राक्षस नव्हते, याचाही तिला राग आला. बन्सीकाकांनी खुर्ची दिली, ते बसले नाहीत. खडूने एकेका पोच्याभोवती गोल काढत गाडीला फेरी घालू लागले आणि बघता बघता पांढऱ्या गाडीवर पांढरे गोल दिसेनासे झाले तसे हसले, उगाच आणला खडू. आईने दारातून डोकावलं. उद्धव मिस्त्रीही कुठूनसा येऊन उभा होता. अप्पा बोलत होते, फाटा, अंधार, अचानक, असे सुटे सुटे शब्द, वकिलाचे, एकही खोटा नाही, आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा सोडलेली — तिच्या वाक्याएवढी.

मग साहेब तिच्याकडे वळले.

"बेटा, तू होतीस ना गाडीत? काय झालं सांग बरं."

हीच वेळ होती. सगळे तिच्याकडे बघत होते, सभागृहच जणू. फक्त अप्पा तिच्याकडे बघत नव्हते. ते पुढच्या चाकाकडे बघत होते, आणि त्यांच्या मानेवर, केस संपतात तिथं, घामाचा एक थेंब ओघळायच्या बेतात थांबला होता. तिने दुपारभर घोटलेलं भाषण शोधलं. नव्हतं. वाकळ, हात, जीप, आवाज खाली — काही नाही. संताप होता, तो होताच, पण सकाळपासून अंगात नाचणारा, कुणीतरी बघावं म्हणून नाचणारा तो संताप आता पोटात खाली जाऊन बसला होता, जड, गप्प, आणि त्याला कुणाच्या टाळ्या नको होत्या. उलट त्याला हे कळत होतं की इथून पुढे पहिल्या रांगेतली ती एक खुर्ची रिकामी असू शकते. कायमची. आणि तरी तो हलत नव्हता.

ताठ उभं राहायचं, हनुवटी वर, हे काहीच तिने केलं नाही. दप्तर अजून खांद्यालाच होतं हे तिला आत्ता कळलं; पट्टा रुतत होता. तिने श्वास आत घेतला. अप्पांच्या मानेवरचा थेंब कॉलरमध्ये गेला. आपला आवाज कसा निघेल, मोठा की बारीक, फुटलेला की सरळ, हे आयुष्यात पहिल्यांदाच तिला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची घाईही नव्हती; वाक्य मात्र ठरलं होतं, काल खोडलेलं: गारा पडल्या... साहेब वाट बघत होते. बघू देत.