कोरडी भिंत

भिंत कोरडी होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी काहीही बोललो तरी आपण कुणाचं ऐकतोय हे तुम्हाला माहीत असेल.

मी यंत्रं थंड ठेवणारा मेकॅनिक. या भागात चार-चार मजली इमारती आहेत आणि त्यांत माणसं राहत नाहीत, कंप्युटरांची कपाटं राहतात. रांगेनं, हजारोंनी. त्यांना उकडलेलं चालत नाही. एका अंशानं ताप चढला की माझा फोन वाजतो. त्यांच्यासाठी मजलेच्या मजले मोकळे, हवेशीर, फरशी आरशासारखी. आणि त्यांना वारा घालणारे आम्ही, दोन कुटुंबं मिळून एका खोलीत. इथे नोकरी आहे म्हणून सगळे येतात, सगळे येतात म्हणून जागा नाही. ज्यांचे पगार जाडजूड त्यांनी भाडी इतकी वर नेऊन ठेवलीत की आमच्यासारख्यानं नुसती जाहिरात वाचली तरी मान दुखते.

खोलीत आम्ही पाच जण. मी, माझी बायको, तिची धाकटी बहीण, त्या बहिणीचा नवरा म्हणजे माझा साडू, आणि त्यांची चार वर्षांची पोरगी. मधोमध कपाट उभं केलेलं. अलीकडे आम्ही, पलीकडे ते. नवरा-बायकोला भांडायचं झालं तर जिन्यात जावं लागे, आणि जिन्यात शेजारचे आधीच भांडत असत. साडू-साडूंनी एकमेकांना अहो-जाहो करायचं असतं, पण सहा महिने एकाच संडासासमोर रांग लावल्यावर ते टिकत नाही. आम्ही केव्हाच अरे-तुरेवर आलो होतो.

साडू कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. ते घर त्यानं शोधलं, मी नाही. त्याची बस एका थांब्यावर दहा मिनिटं उभी राहायची. समोरच्या इमारतीत एक म्हातारी राहायची, निवृत्त नर्स. यानं दोनदा तिची पिशवी वर नेऊन दिली, एकदा बल्ब बदलून दिला. असा माणूस. म्हातारी मुलाकडे राहायला चालली होती. दलालाला उंबरा ओलांडू देणार नाही म्हणाली. ओळखीचं एकच कुटुंब हवं, गोतावळा नको. आणि भाडं तिनं एवढं कमी सांगितलं की साडूनं दोनदा विचारलं, "महिन्याचंच ना आजी? आठवड्याचं नाही ना?"

"चल माझ्याबरोबर," तो मला म्हणाला. "मला इंजिनातलं कळतं, भिंतीतलं नाही. तू एकदा बघ, मग मी डोळे मिटून हो म्हणतो."

गेलो. दोन खोल्या. दोन माणसं एकमेकांना धक्का न मारता उभी राहतील असं स्वयंपाकघर. खिडकीतून उजेड थेट ओट्यावर. माझ्या कामापासून चालत अकरा मिनिटं. मी नळ उघडला. पाणी धो-धो आलं. मोरीमागच्या भिंतीवर हात फिरवला, बोटानं वाजवून बघितलं. खणखणीत. नळ उघडला तेव्हा मी साडूचा माणूस होतो. बंद केला तेव्हा नव्हतो.

"काय रे?" साडूनं दारातून विचारलं. म्हातारी बाहेरच्या खोलीत चहा ओतत होती.

मी पुन्हा भिंत वाजवली, डॉक्टर करतात तसं तोंड केलं, आणि हळूच म्हणालो, "आतले पाइप गेलेत. ओल आहे. वरून रंग फासलाय म्हणून दिसत नाही. सहा महिन्यांत भिंत फुगेल."

"दुरुस्त नाही होणार?"

"होईल की. सगळी भिंत फोडावी लागेल, मजूर लावून. आणि तुझ्या पोरीला खोकला आहेच."

पोरीच्या खोकल्याची गरज नव्हती. पाइपांवर काम भागलं असतं. पण खोटं बोलायला बसल्यावर माणूस हात आखडता घेत नाही.

साडूनं एकदा त्या उजेडाकडे पाहिलं, एकदा ओट्याकडे. "मग नको," तो म्हणाला. "पोरीच्या छातीशी खेळ नको." बाहेर जाऊन त्यानं चहा प्यायला आणि म्हातारीला नाही सांगितलं. कारण सांगितलं नाही. तिच्या घराला नावं ठेवल्यासारखं होईल म्हणून.

त्याचा तो चांगुलपणाच माझ्या कामी आला. तीन दिवसांनी मी एकटा गेलो.

"मी त्याचा साडू. मी घेतो घर."

"तो का नाही म्हणाला हो?" म्हातारीनं विचारलं. "इतकं आवडलं होतं त्याला."

"त्याला डेपो लांब पडतो आजी."

घरी येऊन सांगितलं, मी घेतलंय. मला भिंत स्वतः नीट करता येईल, तुला मजूर परवडले नसते, म्हणून. कपाटापलीकडून साडू म्हणाला, "बरं झालं. घर निदान घरात राहिलं." मेहुणी भांडी घासत होती. तिनं एक पातेलं जरा जोरात ठेवलं, बास. माझ्या बायकोनं माझ्याकडे पाहिलं नाही. नऊ वर्षं संसार केलाय तिनं माझ्याशी, माझा आवाज तिला पाठ आहे. पण तिलाही दोन खोल्या हव्या होत्या. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

आम्ही गेल्यावर ती एक खोली त्यांना एकट्यांना परवडेना. ते लांब गेले, जिथे शहर संपून नुसती गोदामं लागतात तिथे. साडूची पहिली फेरी साडेपाचला. तो साडेतीनला घर सोडायचा, घरी परतायचा तोवर पोरगी गाढ. बापाला लेक फक्त झोपलेली दिसायची. हे मला बायकोनं सांगितलं, भाजी चिरता चिरता, विळीवरून नजर न उचलता.

ते तिकडे गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात एका रविवारी सकाळी आमची बेल वाजली. दारात साडू. एका खांद्यावर सिमेंटची अर्धी गोणी, हातात घमेलं, घमेल्यात हातोडा, छिन्नी, थापी आणि वाळूची पिशवी. हे सगळं घेऊन तो दोन बस बदलून आला होता.

"चल, तुझी ओल काढू."

"अरे, मी करतो ना सावकाश."

"तुझं सावकाश माहितीये मला. कपाटाचा पाय सहा महिने विटेवर होता. सरक, गोणी जड आहे."

बायको त्या दिवशी बहिणीकडे गेलेली. ती तिकडे, हा इकडे. घरात आम्ही दोघंच. तेव्हा बोलता आलं असतं. गोणी त्याच्या खांद्यावर होती, मी दार अडवून उभा होतो, मधे एक क्षण होता. मी म्हणालो, "ये आत."

मोरीमागची भिंत. मी छिन्नी लावली, घाव घातला. ठण् वाजलं. दुसरा घातला, टवका उडाला आणि त्याच्यामागून धूळ. पांढरी, बारीक, पिठासारखी. सगळ्या स्वयंपाकघरात.

ओली भिंत फोडली तर धूळ उडत नाही, ढेकळं पडतात. हे कळायला मेकॅनिक व्हावं लागत नाही. साडू शिंकला. पुन्हा शिंकला. मग त्यानं भुवईवर बोट फिरवलं आणि त्या बोटाकडे बघत राहिला.

मी वळून पाहिलं नाही. "खाली असेल," मी म्हणालो.

"असेल," तो म्हणाला. "फोड."

खाली फोडलं. पाइप दिसला. जोडावर गंजाचा ठिपका नाही.

"हा तर तुझ्यापेक्षा ठणठणीत आहे," साडू म्हणाला. "वरचा गेला असेल का?"

"हो. वरचा."

"मग फोड वरचं."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी दोन शिव्या घालून मोकळा झालो असतो. तो राडारोडा घमेल्यात भरायचा, तीन जिने उतरून टाकून यायचा, पुन्हा पालथ्या घमेल्यावर येऊन बसायचा आणि म्हणायचा, "फोड." प्लास्टर संपलं, विटा लागल्या. मी थांबलो.

"थांबलास का? विटेच्या आत असेल," तो म्हणाला. "कधी कधी फार आत असते ओल."

मी हातोडा खाली ठेवला. तोंडात धूळ होती, थुंकायचीही लाज वाटत होती.

"तुम्ही इथे या," मी म्हणालो. "आम्ही जातो तिकडे."

"चालेल," साडू म्हणाला. लगेच. श्वाससुद्धा न घेता.

मी गडबडलो. आपण असं काही बोललो की समोरच्यानं नको नको म्हणायचं असतं, हे ठरलेलं असतं. त्याच भरवशावर मी बोललो होतो. "नाही, म्हणजे... करार माझ्या नावावर आहे. म्हातारीला विचारायला लागेल. आणि माझा फोन कधीही वाजतो रे, मला जवळच राहावं लागतं. दोन-चार महिने जाऊ दे, मग नीट बसून..."

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग हसला. चालू न होणाऱ्या गाडीला हसतात तसा. "राहू दे," तो म्हणाला. "शब्द फिरवायला किती वेळ लागतो तेवढंच बघायचं होतं."

एवढं बोलून निघून जाईल वाटलं. गेला नाही. त्यानं वाळू-सिमेंट कालवलं आणि भिंत लिंपायला बसला.

"अरे, मी करीन."

"ताई धुळीत झोपतील का? सरक."

दोन तास तो थापी फिरवत होता. मी पाणी आणून देत होतो, त्याच्या हाताखालचा माणूस असल्यासारखा. भिंत सपाट झाली. त्यानं हात धुतले, पाणी प्यायला, चहाला नको म्हणाला, आणि रिकामं घमेलं काखेत मारून जिना उतरला.

संध्याकाळभर मी बायकोची वाट पाहत बसलो. आता हा घरी पोचेल, आता सांगेल, आता दोन बहिणींचं जन्माचं तुटेल. बायको आली. ओली भिंत बघितली, केर काढला, जेवायला वाढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, मी कामावर असताना, मेहुणीचा फोन. ती मला कधीच फोन करत नाही. मी बाहेरच्या वऱ्हांड्यात गेलो.

"भाऊजी, यांनी सगळं सांगितलं मला."

मी कठडा धरला.

"भिंत आतून पार कुजली होती म्हणे. हाताला पाणी लागत होतं. खरं सांगू का भाऊजी, मी तुमच्याबद्दल नको नको ते मनात आणलं होतं. ताईशीसुद्धा तुटक वागत होते. माझं चुकलं. तुम्ही त्या दिवशी बघितलं नसतंत, तर पोरीला घेऊन आम्ही त्या ओलीत राहिलो असतो."

साडूनं दोन बहिणींचं नातं राखलं होतं. त्यासाठी माझं खोटं त्यानं आपल्या तोंडानं, स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोला सांगितलं होतं.

"ऐकताय ना?"

"हो."

"इकडे जवळच एक खोली सुटतेय. आहे त्यापेक्षा थोडी बरी. यांना म्हटलं, भाऊजींना बोलवा बघायला. तर म्हणतात, तूच विचार. याल का?"

"येतो की," मी म्हणालो. "पण त्यानं बघितली तरी चालेल."

"छे हो, यांना काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. "आता तुम्ही हात लावून सांगितल्याशिवाय आम्ही कुठली भिंत घेणार नाही."