विमानाची भेंडी

कोकोच असता तर काहीच झालं नसतं. कोको कुठेतरी आफ्रिकेत पिकतो, आणि तिथल्या मजुरांसाठी खडवलीच्या पोरांनी हळहळायला कुणाची हरकत असणार? ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका संस्थेच्या शिबिरात खडवलीच्या शाळेतल्या कल्पिताबाईंना जो खेळ शिकवला, तो कोकोचाच होता. परदेशी जाणाऱ्या अन्नाच्या व्यापारात कुणाच्या वाट्याला किती येतं, हे लहान मुलांना खेळातून कळावं, एवढाच साधा हेतू. पण शिकवणारे जाता जाता म्हणाले, "मुलांच्या जवळचं उदाहरण घ्या." आणि कल्पिताबाई पडल्या सांगितल्यापेक्षा चार पावलं पुढे जाणाऱ्या. त्यांनी कोको काढला आणि भेंडी घातली.

खडवलीच्या आसपासची कोवळी, बोटाएवढी भेंडी खोक्यांत भरून आखातात आणि लंडनला जाते. गावात तिला विमानाची भेंडीच म्हणतात. ती जाते दिपेशशेठच्या पॅकिंग शेडमधून, आणि दिपेशशेठ शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. हे बाईंना ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्यांना वाटलं, आपण कुठे कुणाचं नाव घेतोय? शहाण्या माणसालाही कधी कधी किती भाबडं वाटतं बघा.

चौथीच्या वर्गात खेळ रंगला. चिक्कीचे दहा तुकडे टेबलावर ठेवले. दुकानदार झालेल्या अपूर्वला चार मिळाले, विमानवाल्याला दोन, पॅकिंगवाल्या विकीला तीन, आणि भेंडी तोडणाऱ्या पाच मुलांना मिळून एक.

"बाई, चीटिंग आहे ही!" अख्खा वर्ग ओरडला. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं, पालकमेळाव्यात याचंच नाटुकलं करायचं.

तोडणाऱ्या पाचांत मधु होती. बांधाच्या पाड्यावरून यायची. हुशार, पण पहिल्या तासाला डुलक्या घ्यायची आणि बोटं सारखी फ्रॉकला घासायची. बाई तिला म्हणायच्या, रात्री मोबाईल बघत बसतेस ना? मधु मान खाली घालायची. भेंडीच्या लवेने हात खाजतात, हे टिटवाळ्याच्या सोसायटीत राहून भाजीवाल्याकडून भेंडी घेणाऱ्या बाईंच्या डोक्यात आलं नाही. आपल्यासमोर बसलेलं पोर सोडून बाई जगाचा न्याय शिकवत होत्या. या गोष्टीचा मला अजून राग येतो, आणि त्या मनाने चांगल्या होत्या म्हणून तर जास्तच येतो.

नाटुकल्यात प्रत्येकाने पुढे यायचं, शाळेच्या रीतीप्रमाणे पूर्ण नाव आणि गाव सांगायचं, मग पाठ केलेलं वाक्य म्हणायचं. शेवटी एक वाक्य ज्याचं त्याने मनाचं बोलायचं. हीसुद्धा शिबिरातलीच शिकवण. बाईंनी तर मुलांना बजावलं होतं, "ते मला आधी सांगू नका. स्टेजवरच बोला, न घाबरता, मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं पाहिजे!"

मेळाव्याला पहिल्या रांगेत मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, आणि शेजारी दिपेशशेठ. विकीने, अपूर्वने आपापली वाक्यं म्हटली, टाळ्या घेतल्या. मग मधु आली.

"माझे नाव मधु काळुराम जाधव. राहणार बांधाचा पाडा. मी भेंडी तोडते. आम्हा पाच जणांत मिळून एक तुकडा मिळतो." इथे ती थांबली. बाईंनी विंगेतून मान हलवून धीर दिला, बोल बोल.

"पहाटे शेठची गाडी येते. लहान पोरांची बोटं बारीक, भेंडी मोडत नाय, म्हणून आम्हाला नेतात. तपासायला साहेब आले का आम्हाला पत्र्याच्या खोलीत बसवतात अन् बाहेरून कडी घालतात. तवा बोलायचं नाय."

मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

तेवढ्यात कुणीतरी टाळ्या वाजवल्या. दिपेशशेठच होते ते. ते उठून स्टेजवर गेले, मधुच्या डोक्यावर हात ठेवला आणि हसून म्हणाले, "शाब्बास. नाव, गाव, सगळं नीट सांगितलंस."

चिडले असते तर बरं झालं असतं. जाताना ते बाईंपाशीही थांबले. "छान बसवलंय हां, बाई," एवढंच म्हणाले.

कुठल्याशा पालकाने मोबाईलवर सगळं टिपलं होतं. दुसऱ्या दिवशी ते गावच्या ग्रुपवर फिरत होतं, आणि पहाटे पाड्यावर गाडी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मधु शाळेत येत होती, आता डुलक्या घेत नव्हती, पण डबा आणत नव्हती. बाईंनी आपल्या डब्यातली पोळी पुढे केली तर म्हणाली, "भूक नाय बाई."

शाळेच्या भिंतीवर मुलांच्या मदतीचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत रंगवलेला होता. भिंत रंगवून देणारे म्हणून खाली दिपेशशेठचं नाव होतं. बाई मधल्या सुट्टीत त्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या, नंबर लावला. पलीकडून "बोला" असं ऐकू आलं. आणि त्यांच्या पाठीमागून कुणीतरी हाक मारली, "बाई!"

काळुराम होता, मधुचा बाप. हात जोडून उभा. बाईंनी फोन कापला.

"बाई, पोरीचं चुकलं. तिला काय समजतं? पाड्यावरची बावीस घरं आमच्याशी बोलत नाय. म्हणतात तुझ्या पोरीने आमचं काम घालवलं. शेठ म्हणतात, तुमच्या बाई लिहून देतील तर उद्याच गाडी पाठवतो. एवढं लिहून द्या ना बाई."

"काय लिहून देऊ?"

त्याला ते सांगता येईना. ते सांगायला मोठ्या बाईंच्या खोलीत शेठ बसले होते. समोर कागद टाईप होऊनच आला होता. त्यावर बाईंच्या नावाने लिहिलं होतं: मेळाव्यातलं मधु जाधव हिचं शेवटचं वाक्य शिक्षिकेने स्वतः रचून तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं. ते काल्पनिक आहे. शाळेतलं कुठलंही मूल कामाला जात नाही, याची मला खात्री आहे.

"लंडनचं गिऱ्हाईक व्हिडिओ बघून बसलंय," शेठ शांतपणे म्हणाले. "माल थांबला तर माझं काय, मी जमीन विकून खाईन. पाड्याचं काय, ते तुम्ही बोला. तुम्ही न्याय शिकवता ना?"

"पण मुलं जातात ना हो कामाला," बाई म्हणाल्या. "कोंडता तुम्ही त्यांना."

"अहो बाई, तक्रार करा की. मी कुठे नाही म्हणतो? चौकशी होईल, शेड बंद होईल. मग ही बावीस घरं पोरांसकट वीटभट्टीवर जातील. तिकडे शाळा आहे का, बघून ठेवा तेवढं."

मोठ्या बाई खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर व्हरांड्यात काळुराम अजून हात जोडूनच उभा होता, जोडलेले हात खाली घ्यायचं त्याला सुचलं नव्हतं. बाईंना वाटलं, ओरडावं, कागद फाडावा. दहा मिनिटं त्यांनी तसं करून पाहिलं, मनातल्या मनात. मग खाली सही केली. पोरीची शाळा वाचवली, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. ते खोटंही नव्हतं, म्हणून तर जास्त टोचलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाड्यावर गाडी आली.

त्या दिवशी मधु तासभर उशिरा वर्गात आली. बोटं लाल झालेली, फ्रॉकला माती. बाईंनी सही केल्याचं एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. बाई फळ्याकडे तोंड करून उभ्या होत्या. सवयीने, केवळ सवयीने त्यांच्या तोंडून गेलं, "मधु, उशीर का झाला?"

मधु दारातच उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणा तर नव्हताच. परत आपल्यामुळे काही होऊ नये, एवढीच तिला काळजी होती. तिने एकदा बाहेर व्हरांड्यात कुणी आहे का ते पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"काय सांगू, बाई? तुम्ही सांगा, मी तसंच म्हणते."