सहा वाजता विझणारी शेगडी

माझ्या हातातलं यंत्र एकाएकी किंचाळायला लागलं आणि नेमकी त्याच वेळी समोरच्या माणसाने काडी ओढली.

"अहो काका, काडी नको!" मी ओरडले. पण तोवर ती तीन विटांच्या मधोमध पोचली होती. भप्प असा आवाज झाला. मी डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा कचऱ्याचा डोंगर जागच्या जागी होता, मीही शाबूत होते आणि तो माणूस विटांवर पातेलं ठेवत होता.

"रोजच पेटतं," तो म्हणाला. "बसा. साखर किती घालू?"

नोकरीचा तिसरा दिवस होता माझा. शहराने तीस वर्षं जे जे टाकलं त्याचा हा डोंगर. त्याच्या पोटातून निघणारा गॅस मोजायचा, तो ओढायला जागोजागी विहिरी खणायच्या, पाइप टाकायचे आणि शेवटी एका उंच नळकांड्यावर नेऊन जाळायचा, अशी कामगिरी घेऊन मी आले होते. या गॅसचा शोध इथे आपणच लावणार अशी माझी समजूत होती. आणि हे गृहस्थ त्याच्यावर चहा करून पीत होते.

विटांच्या मधून जुन्या हातपंपाचा वीतभर पाइप वर आला होता. ज्योत काही मला दिसेना. म्हणून मी हात पुढे केला.

"हात नका घालू! उन्हात ती दिसत नाही. सावली बघा."

मी खाली पाहिलं. पातेल्याच्या सावलीशेजारी आणखी एक फिकट सावली थरथरत होती. चार वर्षं कॉलेजात घासली, पण हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

हे शेगडीकाका. डेपोच्या फाटकावरचे राखणदार. सकाळी आठला यायचे, संध्याकाळी सहाला जायचे. त्यांचं खरं नाव हजेरीपटाशिवाय कुठे असेल असं वाटत नाही. आठवड्याभरात मला कळलं की हा माणूस प्रश्नांचं भांडार आहे. माझं यंत्र कसं चालतं, त्याला वास कळतो का, वास नसलेला गॅस असतो तर मग ही घाण कसली येते, डोंगराच्या खालच्या बाजूला गॅस जास्त का आणि माथ्यावर कमी का. उत्तर दिलं की थोडा वेळ मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच उत्तराच्या पोटातून नवा प्रश्न काढून आणायचे. माझ्या तोंडी परीक्षेला असा परीक्षक असता तर मी आजही कॉलेजातच असते.

नियमाप्रमाणे ती शेगडी मी पहिल्याच दिवशी बंद करायला हवी होती. डेपोच्या आवारात उघडी ज्योत म्हणजे गुन्हाच. पण मी नकाशावर तिथे एक टिंब काढलं आणि लिहिलं, तपासणी बिंदू क्रमांक चौदा. खोटं नव्हतं अगदीच. तपासणी तिथे रोज दोनदा होत होती, बिनआल्याच्या चहासकट.

"ही जागा सापडली कशी तुम्हाला?" मी एकदा विचारलं.

"मला कुठली सापडायला! घरचीला सापडली. ती इथंच भंगार निवडायची. पावसाळ्यात इथं डबकं साचलं होतं, त्यात बुडबुडे यायला लागले. बाकीच्या बाया म्हणाल्या, साप असेल. ही म्हणाली, साप एवढा वेळ श्वास सोडेल होय? आणि ओढली काडी. पाण्यावर निळा जाळ! बाया पळाल्या. ही मात्र बसून राहिली बघत."

"घाबरल्या नाहीत?"

"ती? ती मलाच घाबरायची नाही, मग आणखी कुणाला घाबरणार," काका म्हणाले आणि स्वतःशीच हसले. काकूंना जाऊन सहा वर्षं झाली होती, हे मला फाटकावरच्या सफाईवाल्या मावशींनी नंतर सांगितलं.

मला कुतूहल होतं ते मात्र गोणपाटाचं. सहाला पाच मिनिटं कमी असताना काका बादलीत गोणपाट बुडवायचे, पिळायचे नाहीत, तसंच निथळत नेऊन विटांवर टाकायचे. चर्र व्हायचं. ज्योत विझली की गोणपाटाची टोकं दगडांनी दाबायचे आणि मगच घरी जायचे. एक दिवस चुकायचा नाही.

त्यामागचं कारण त्यांनी एका दुपारी आपणहून सांगितलं. प्रश्नाच्या रूपानेच.

"बाई, एक विचारू? पण खरं सांगायचं. माझी बाजू घ्यायची नाही." चहा गाळता गाळता ते थांबले. "मी संध्याकाळी विझवतो, तेव्हा आतला गॅस वाचतो ना? दुसऱ्या दिवसाला साठतो ना?"

"साठत नाही असं कुणी म्हटलं का?"

"ती म्हणायची. अकरा वर्षं रोज सहाला भांडण आमचं, याच जागेवर. ती म्हणायची, पेटता राहू दे. मी म्हणायचो, फुकटचं मिळालं म्हणून उधळायचं नसतं. ती म्हणायची, अहो, वर निघालेला श्वास गोणपाट टाकलं म्हणून मागं फिरतो होय? मी म्हणायचो, सकाळी गोणपाट काढून काडी लावली की केवढा भडका होतो, मग साठलंच ना? त्यावर ती म्हणायची, मला सांगता येत नाही, पण तुमचं चुकतंय. पुढं आजारी पडली. शेवटच्या दिवसांत पण विचारायची, विझवून आलात? आलो म्हटलं की तोंड फिरवायची." ते हसत होते. "आता तुम्ही शिकलेल्या आहात. निकाल लावून टाका."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. निदान चहा संपेपर्यंत तरी. पण मी शिकलेली होते आणि मला उत्तर येत होतं. येणारं उत्तर पोटात ठेवायचं वय नव्हतं माझं.

"नाही काका, साठत नाही," मी उत्साहाने म्हणाले. "सकाळचा भडका म्हणजे गोणपाटाखाली अडकलेला जरासा गॅस. बाकीचा बाजूने निघून जातो. उलट तो जाळलेलाच बरा. न जळता सुटला तर हवेत जाऊन कैक पटीने जास्त उष्णता धरून ठेवतो. जग तापतंय म्हणतात ना, त्यातला एक वाटा या असल्या डोंगरांचा. तुमची शेगडी पेटलेली असते तेवढा वेळ तुम्ही चांगलंच काम करत असता. विझवता तेव्हाच—"

तेव्हा कुठे मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"म्हणजे तिचंच खरं," काका म्हणाले.

मी काहीतरी सारवासारव केली. एवढ्याशा पाइपाने काय होतंय, दहा पावलांवर शंभर भेगा आहेत, वगैरे. त्यांनी ऐकलं नाही. चहा तसाच निवला. जिभेला हाड नसतं हे मला माहीत होतं, पण त्या दिवशी माझीच जीभ मला तोडून टाकावीशी वाटली.

संध्याकाळी मी माझ्या पत्र्याच्या ऑफिसच्या खिडकीतून पाहत होते. सहाला पाच कमी असताना काकांनी बादलीत गोणपाट बुडवलं. विटांपाशी नेलं. बराच वेळ ते तसेच उभे राहिले. पाणी निथळून त्यांच्या चपला भिजल्या. मग त्यांनी गोणपाट परत बादलीत टाकलं आणि फाटक लावून घरी गेले. शेगडी पेटती होती.

दुसऱ्या दिवशी ते कामावर येणार नाहीत असं मला वाटलं. ते पावणेआठलाच आले, आणि प्रश्न घेऊन आले.

"हा गॅस होतो तरी कशाचा?"

"ओल्या कचऱ्याचा. साली, उष्टं, खराब भाजी. इतका थर वर पडला की खाली हवा पोचत नाही. गुदमरत कुजलं की हा गॅस."

"आणि गुदमरलं नाही तर?"

मी त्यांना डेपोच्या मागच्या बाजूला नव्याने घातलेल्या शेडमध्ये नेलं. तिथे वेगळा आलेला ओला कचरा लांबलचक ढिगांत रचायचे आणि यंत्राने खालीवर करायचे. काकांनी एका ढिगात कोपरापर्यंत हात खुपसला आणि चटकन काढला.

"अहो बाई, हा तर तापलाय!"

"तापतो, पण हवा मिळते ना. म्हणून तो गॅस जवळजवळ होतच नाही. खत होतं."

त्यांनी माझी नजर चुकवून तिथे काडी ओढून पाहिली, हे मला तिथल्या कामगाराने सांगितलं. काहीच पेटलं नाही म्हणून काका म्हणे खूश होऊन निघाले.

त्या दिवसापासून फाटकावरचा नूरच पालटला. ओलं आणि सुकं वेगळं आणायचा नियम वर्षभर भिंतीवर रंगवलेला होता, आणि भिंतीवरच होता. आता काका प्रत्येक गाडी थांबवून मागचं झाकण उघडायला लावू लागले.

"काका, कचरा आहे हो, नवरीमुलगी नाही! काय एवढं निरखून बघताय?" एक ड्रायव्हर वैतागला.

"नवरी न बघता चालेल रे, कचरा नाही चालायचा. हे सगळं एकत्र केलंयस. परत ने."

"परत कुठे नेऊ?"

"जिथनं आणलंस तिथं. डोंगरावर नाही टाकायचं. खाली गुदमरतं ते."

"काय गुदमरतं?"

"ते तुला नाही कळणार. मला कळायला सतरा वर्षं लागली."

तक्रारी आल्या. साहेबांनी बोलावून घेतलं. काका गेले आणि साहेबांनाच विचारून आले की भिंतीवरचं पुसायचं की पाळायचं. महिन्याभरात शेडमधले ढीग दोनाचे पाच झाले. संध्याकाळी मात्र काका अजूनही गोणपाट बुडवून विटांपर्यंत न्यायचे आणि तसंच परत बादलीत टाकायचे.

इकडे विहिरी पुऱ्या झाल्या, पाइप जोडले गेले आणि नळकांडं सुरू करायचा दिवस ठरला. भर दुपारी बारा वाजता. साहेब आले, त्यांच्या मागे चार जण आले. मी बटण दाबलं. घर्र आवाज झाला आणि सगळे माना वर करून बघत राहिले. वर नुसतं आभाळ.

"पेटलं का?" साहेबांनी विचारलं.

मी तापमानाच्या पडद्याकडे पाहिलं. त्यावरचा आकडा अजून हलत नव्हता. तेवढ्यात मागून काकांचा आवाज आला, "पेटलंय, पेटलंय. वर काय बघताय? खाली बघा."

जमिनीवर नळकांड्याची आखूड सावली पडली होती आणि तिच्या टोकाशी काहीतरी थरथरत होतं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. त्या मला मिळाल्या.

गर्दी पांगल्यावर काका जवळ आले. "हे संध्याकाळी विझवायचं?"

"नाही काका. रात्रंदिवस पेटतं ठेवायचं."

"बरं झालं," ते म्हणाले. मग सावलीकडे बघत म्हणाले, "हे बघायला ती हवी होती."

विहिरी गॅस ओढू लागल्या तशी शेगडी बारीक होत गेली. दोन दिवसांनी चहाला अर्धा तास लागला. चौथ्या दिवशी काकांनी तीन काड्या ओढल्या, तिन्ही नुसत्याच जळून गेल्या. मी खिडकीतून पाहत होते, पण बाहेर जायचा धीर होईना. तपासणी बिंदू चौदाचं काय करायचं हे मला माहीत होतं आणि ते मला त्यांना सांगायचं नव्हतं.

तेच दारात आले. साडेपाच झाले असतील.

"बाई, तो पाइप बुजवायला पाहिजे."

"राहू दे ना काका. कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"तुमची विहीर आता ओढतेय ना? मग गॅस वर यायचा बंद झाला, आता उलट तिथनं हवा आत जाणार. हवा मिसळली की तुमचं वरचं नीट पेटणार नाही. बरोबर का चूक?"

"बरोबर," मी म्हणाले. 

त्यांनी मला मदत करू दिली नाही. चिकणमाती कालवली, गोळे करून पाइपात दाबले, वरून बोटाने लिंपून घेतलं. विटा काढून बाजूला रचल्या. मी ऑफिसातल्या किटलीत चहा केला आणि घेऊन गेले. त्यांनी एक घोट घेतला.

"पाणचट आहे. पण शिकाल हळूहळू."

सहाला पाच कमी झाले. काका उठले, बादलीपाशी गेले, गोणपाट बुडवून निथळत घेऊन आले आणि लिंपलेल्या मातीसमोर येऊन थबकले. त्यांनी हातातल्या गोणपाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सवय," ते म्हणाले.

मग त्यांनी ते घट्ट पिळलं, अगदी शेवटचा थेंब पडेपर्यंत. दोनदा झटकलं आणि फाटकाच्या दांडीवर वाळत घातलं. दोन्ही टोकं सारखी केली, आणि घरी गेले.