अडवलेलं पत्र

जुन्या पुस्तकांची डागडुजी करणाऱ्या सेहेचाळीस जणांची ती ईमेलवरची चर्चा-यादी. एकाने लिहिलं की सगळ्यांना पोचायचं. तिची राखण करायचे एक निवृत्त मुद्रितशोधक. सगळे त्यांना चष्मेवाले म्हणत. चारचौघांत तोंडातून शब्द फुटायचा नाही, पण खोटं पत्र त्यांना वासावरून कळतं, असा लौकिक होता. त्यांना स्वतःला तो कधी खरा वाटला नाही.

ईमेलवर पाठवणाऱ्याचं नाव कुणीही, कुणाचंही घालू शकतो. दोन महिन्यांपूर्वी यादीतल्या म्हाताऱ्या बाइंडरच्या नावाने खोटी पत्रं आली. ‘फाइल जोडली आहे, लगेच उघडा.’ भरवशाचं नाव! अकरा जणांनी उघडली आणि व्हायरसने अकरा कॉम्प्युटर आडवे झाले. तेव्हापासून बाइंडरच्या नावाचं प्रत्येक पत्र चष्मेवाल्यांपाशी अडवलं जाई. नियम साधा होता: त्या माणसाला फोन करायचा, ‘तुम्हीच लिहिलंत ना?’ विचारायचं आणि मगच पत्र पुढे सोडायचं.

एका मंगळवारी पत्र आलं. ‘हात चालत नाहीत. सगळं फाइलीत आहे. लवकर उघडा.’

चष्मेवाल्यांनी फोन उचलला, खाली ठेवला. पंधरा वर्षं दोघं पत्रांतून भांडले होते. आवाज मात्र एकदाही ऐकला नव्हता. बोलायचं काय? उद्या करू. उद्याचा परवा झाला. बाइंडर पानभर लिहायचा, चिमटे काढत. असं तुटक कधीच नाही. खोटंच असणार, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

चोविसाव्या दिवशी त्यांचाच फोन वाजला.

“चष्मेवाले काका ना? मी बाइंडरची मुलगी. बाबा परवा गेले.”

“आजारी होते?”

“तीन महिने. एका बोटाने टाइप करायचे. पुस्तकं चिकटवायच्या त्यांच्या खळीची कृती पाठवली होती ना यादीवर, चाळीस वर्षं जमवत आणलेली? रोज विचारायचे, ‘कुणी काही लिहिलं का गं?’ मी म्हणायचे, लोकांना कामं असतात, बाबा. तर म्हणायचे, ‘चष्मेवाला तरी चुका काढेलच. त्याला राहवायचं नाही.’ पत्र पोचलं होतं ना, काका?”

“पोचलं होतं. माझ्यापाशीच राहिलं.”

“बरं” म्हणून तिने फोन ठेवला.

त्यांनी पत्र पुढे सोडलं. पाव तासात उत्तरं आली.

‘पुन्हा तेच! फाइल उघडू नका रे. चष्मेवाल्यांना डुलकी लागली वाटतं.’

‘मी न वाचताच पुसलं.’

चष्मेवाल्यांनी घाईघाईने लिहिलं, हे पत्र खरं आहे, बाइंडर गेला. लगेच टोला आला: ‘आता चष्मेवाल्यांच्याही नावाने सुरू झालं!’

त्यांनी खणातून सभासदांच्या नंबरांचा कागद काढला, चष्मा पुसला आणि पहिला नंबर फिरवला.

“हॅलो... मी यादीवाला, चष्मेवाला. हो, माझा आवाज असाच आहे. जरा ऐकता?”