मी उगाच पडत नव्हतो

मी एक जुना ईएलसीबी आहे. बार्शीटाकळीला खुशालरावांच्या घरात, मीटरशेजारच्या पेटीत बसलो आहे. माझं नाव रुक्ष वाटेल, पण मित्रांनो, पुढचं नीट ऐका, कारण आज मी चिडलेलो आहे.

माझं काम सोपं. घरात जेवढा करंट गेला तेवढाच परत आला पाहिजे. थोडा जरी कमी आला, तर तो कुठेतरी गळतो आहे, पत्र्यात, भिंतीत नाहीतर माणसाच्या अंगात. ते मला लगेच कळतं आणि मी खटका पाडून घराची वीज तोडतो. घर नवीन होतं तेव्हा खुशालराव पाहुण्यांना मुद्दाम माझं टेस्टचं बटण दाबून मी कसा पडतो ते दाखवत. मला फार बरं वाटायचं.

मग एका उन्हाळ्यात लोखंडी कूलरच्या पंपाची वायर सोलली आणि आतल्या पत्र्याला टेकली. कूलर लावला की मी पडायचो. मी धोका सांगत होतो आणि घरचे मलाच शिव्या देत होते! खुशालरावांनी वायरमन नितेशला बोलावलं. कूलर उघडून पाहायचा सोडून ते म्हणाले, “हा काहून पडते सारखा? डायरेक्ट करून टाक याले.” नितेशनेही मुकाट्याने मला वगळून तार जोडली. लाज वाटली नाही दोघांना.

कूलर चालू लागला. त्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या. त्यावर या शहाण्यांचा उपाय काय, तर चप्पल घालून पाणी टाकायचं! दाराआड रबरी चपलेचा एक जोड खास त्यासाठी ठेवला. खुशालरावांच्या पत्नी लीलाबाई रोज ती घालून पाणी भरायच्या. मी नुसता बघत होतो.

यंदाच्या मे महिन्यात खुशालरावांची धाकटी बहीण गंगूबाई चांदूर बाजारहून आल्या. फुलांचे हार गुंफून विकणारी बाई, स्वस्थ बसणं माहीत नाही. कूलरची टाकी रिकामी दिसली म्हणून बादली घेऊन गेल्या. फरशी ओली, पाय अनवाणी. हात पत्र्याला चिकटला तो सुटेचना. मी त्याच क्षणी खटका पाडला असता हो! लीलाबाईंनी धावत जाऊन भिंतीवरचं बटण बंद केलं, म्हणून त्या वाचल्या. पण उजव्या हाताची बोटं भाजून आखडली.

दवाखान्यातून आल्यावर खुशालराव बायकोवरच खेकसले, की गंगूला चपलेचं आधी का सांगितलं नाही. गंगूबाई पट्टीचा हात मांडीवर ठेवून म्हणाल्या, “भाऊ, मी तं दारातच चप्पल काढली. घरात कोनी चप्पल घालून येते काय?”

खुशालरावांनी नितेशला फोन लावला. दुसऱ्या दिवशी नितेशने मला पुन्हा जोडलं. कूलर लावताच मी पडलो, आणि या वेळी कोणी शिवी दिली नाही. कूलर उघडला. सोललेली वायर बोटभर होती. चहा होईपर्यंत ती बदलूनही झाली.

मित्रांनो, मी पडलो की हव्या तेवढ्या शिव्या द्या, पण मला डायरेक्ट करू नका. आधी गळती शोधा. अधूनमधून माझं बटण दाबून बघा. खुशालराव आता ते न विसरता दाबतात. तरी माझा राग गेलेला नाही. चांदूर बाजारात गंगूबाईंचे हार आता त्यांची सून गुंफते. त्या शेजारी बसून तिला डाव्या हाताने फुलं निवडून देतात.